शेवटचं रीळ

१३ नोव्हेंबर १९५९ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलंडला लागून असलेल्या क्लीव्हलंड हाइट्स या गावात पोलीस एका थिएटरात शिरले, तिथे लागलेल्या फ्रेंच सिनेमाची रिळं त्यांनी जप्त केली आणि मॅनेजरला पकडून नेलं. मॅनेजरचं नाव निको जॅकोबेलिस. थिएटर हाइट्स आर्ट थिएटर. सिनेमा लुई मालचा ‘लेझ आमाँ’, म्हणजे प्रेमी. अमेरिकेत तो ‘द लव्हर्स’ या नावानं लागला होता.

पुढे साडेचार वर्षं हा खटला चालला आणि सरकार पक्षाचा रोख शेवटपर्यंत एकाच ठिकाणी राहिला: शेवटच्या रिळातलं प्रणयदृश्य. हा खटला पहिल्यांदा वाचला तेव्हापासून मला एक शंका आहे. गुन्हा शेवटच्या रिळातच होता, यात वाद नाही. पण लोकांना खुपलं ते रात्रीचं दृश्य की त्यानंतर उजाडल्यावर घडतं ते?

त्यासाठी आधी सिनेमा सांगायला हवा.

दिजों शहराजवळच्या एका मोठ्या घरात झान तूर्निए राहते. नवरा आँरी वर्तमानपत्राचा मालक, कामात बुडालेला, बोलण्यात तिरकस. पदरी एक लहान मुलगी. झान कंटाळून अधूनमधून पॅरिसला मॅगी नावाच्या मैत्रिणीकडे जाते. तिथे राऊल हा पोलो खेळणारा देखणा स्पॅनिश गृहस्थ तिच्या मागे-पुढे असतो. नवऱ्याला वास लागतो. तो भांडत नाही. मॅगीला आणि राऊलला घरी जेवायला, मुक्कामाला बोलावून घेतो. पाहुण्यांना गाठायला निघालेल्या झानची पेजो गाडी वाटेत बंद पडते. बेर्नार नावाचा एक तरुण पुरातत्त्ववाला तिला आपल्या सित्रोएन दे-शव्होमध्ये घेतो. ही दे-शव्हो म्हणजे पत्र्याच्या पेटीला चाकं लावल्यासारखी गरिबांची गाडी. त्याला कसलीच घाई नाही. वाटेत तो एका जुन्या प्राध्यापकांना भेटूनही येतो. घरी पोचेपर्यंत नवरा, मैत्रीण आणि प्रियकर तिघं तिची वाट बघत ताटकळलेले. नवरा सौजन्यानं बेर्नारलाही रात्री ठेवून घेतो.

एका छपराखाली नवरा, प्रियकर आणि एक परका माणूस. फ्रेंच रंगभूमीवर हा प्रहसनाचा मालमसाला शंभर वर्षं चालत आला होता. कपाटात लपणं, चुकीच्या दारावर टकटक, शेवटी सगळ्यांचं हसू. माल इथेच वळण घेतो. सगळे झोपल्यावर झान पांढऱ्या झोपायच्या कपड्यात बागेत उतरते, बेर्नार तिथे असतो, आणि पुढची वीसेक मिनिटं सिनेमा जवळजवळ बोलायचाच थांबतो. चांदणं, गवत, पाणचक्की, नदीतली होडी. आँरी दकाएनं काळ्या-पांढऱ्या रुंद चौकटीत ती रात्र अशी टिपली आहे की चांदण्याला ओल असल्याचा भास होतो. पार्श्वभूमीला ब्राम्सच्या पहिल्या तंतुवाद्य-षट्काचा संथ भाग. विशीतल्या ब्राम्सची ती सुरावट हळूहळू चढत जाते, ओसरते, पुन्हा चढते. मग खोली. मग न्हाणीघरातला टब. आणि ते कुप्रसिद्ध दृश्य: पुरुषाचा चेहरा चौकटीतून खाली निघून जातो, कॅमेरा त्याच्यामागे जात नाही, झानच्या चेहऱ्यावर आणि चादरीवरच्या तिच्या हातावर राहतो.

एवढंच. आजच्या मोबाइलवरच्या मालिकांपुढे हे काहीच नाही. १९५८ साली मात्र ते नवीन होतं, आणि नावीन्य उघडेपणात नव्हतं. तोवर पडद्यावरचा प्रणय बहुतेक वेळा पुरुषाच्या नजरेनं पाहिला जाई. इथे पाहायला फक्त एका बाईचा चेहरा होता आणि त्या चेहऱ्यावर अपराधीपणाचा लवलेश नव्हता. तो चेहरा झान मोरोचा. कोमेदी फ्रान्सेजमधून आलेली ही नटी तेव्हा तिशीत होती. ती आणि माल त्या काळात एकमेकांच्या प्रेमात होते, हे फ्रान्समध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि मग सकाळ. झान नवरा, मैत्रीण, प्रियकर यांच्या डोळ्यांदेखत त्या पत्र्याच्या गाडीत बसून निघून जाते. मुलगी मागे राहते. वाटेत तिला भीती वाटते. स्वतःच्या आवाजातल्या निवेदनातून, पण स्वतःबद्दल ‘ती’ असं म्हणत, ती ते सांगते. पश्चात्ताप मात्र होत नाही. गाडी पुढे जाते. सिनेमा संपतो. तिला अपघात होत नाही, ती आगगाडीखाली जात नाही, विष घेत नाही, परतही येत नाही.

ही गोष्ट मुळात अठराव्या शतकातली. विवाँ दनों या गृहस्थानं १७७७ साली एक छोटी कथा लिहिली. हाच दनों पुढे नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला आणि लूव्ह्र संग्रहालयाचा संचालक झाला. त्याच्या कथेत एक विवाहित सरदारीण एका कोवळ्या पोराला नाटकगृहातून आपल्या बग्गीत घालून नवऱ्याच्या गढीवर नेते. बाग, नदीकाठ, रात्र. सकाळी पोराला कळतं की आपल्याला आणलं ते बाईच्या खऱ्या प्रियकरावरून नवऱ्याचं लक्ष उडावं म्हणून. कुणी रागावत नाही. पोरगा बग्गीत बसून परत जातो. कथेच्या फ्रेंच नावाचा अर्थच असा, की याला ‘दुसरा दिवस’ नाही.

मालनं आणि संवाद लिहिणाऱ्या लुईझ द विल्मोरँनं रात्र तशीच ठेवली आणि तिला दुसरा दिवस जोडला. सगळा दंगा त्या दुसऱ्या दिवसानं केला, असं माझं म्हणणं आहे.

कारण व्यभिचाराबद्दल जुन्या सभ्य समाजाची खरी भूमिका आपल्याकडच्या म्हणीसारखी होती: झाकली मूठ सव्वा लाखाची. झानचा नवराच बघा. बायकोच्या प्रियकराला तो जेवायला बोलावतो, ताट वाढतो, खोली देतो. राऊल त्या घरात सामावून जातो. बेर्नार सामावत नाही, कारण त्याच्यामुळे ताटावरून उठून जाणं शक्य होतं. झाकल्या मुठीच्या याच नियमांवर झाँ रन्वारनं १९३९ साली ‘खेळाचे नियम’ हा सिनेमा काढला होता. त्यात बायकोवर संशय घेऊन बंदूक चालवणारा शिकारखान्याचा रखवालदार झालेला नट गास्तों मोदो मालच्या सिनेमात झानच्या घरचा नोकर आहे. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही.

कायदा तर आणखी स्पष्ट होता. नेपोलियनच्या १८१० च्या दंडसंहितेत व्यभिचारी बायकोला तीन महिने ते दोन वर्षं कैद होती. नवऱ्यानं रखेल थेट राहत्या घरात आणून ठेवली तरच त्याला शिक्षा, आणि तीही फक्त दंडाची. हे कलम फ्रान्समध्ये १९७५ च्या जुलैपर्यंत कागदावर होतं. झान त्या दे-शव्होत बसली तेव्हा कायद्यानं ती तुरुंगाच्या वाटेवर होती. फ्रेंच विवाहितेला नवऱ्याच्या परवानगीशिवाय स्वतःचं बँक खातं उघडायची मुभा मिळाली १९६५ साली. सिनेमातली झान कुठल्या पैशांवर जगणार, हा प्रश्न मालनं विचारलेला नाही. तो साखर कारखानदारांच्या घरातला. ‘साखरसम्राट’ हा शब्द आपल्याकडे राजकारणात झिजून गेला आहे, पण मालचं आजोळ, बेगाँ घराणं, अक्षरशः तसं होतं. पैशाची काळजी त्याला सुचली नसेल, तर नवल नाही.

हा मुलगा साखरेत न रमता समुद्रात गेला. समुद्रसंशोधक कूस्तोच्या बोटीवर राहून त्यानं पाण्याखाली चित्रण केलं. दोघांच्या नावावर असलेल्या त्या माहितीपटाला १९५६ साली कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. ‘लेझ आमाँ’ व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला तेव्हा माल पंचवीस वर्षांचा होता. परीक्षकांनी त्याला विशेष पारितोषिक दिलं, ते फ्रांचेस्को रोझीच्या सिनेमाबरोबर विभागून. कॅथलिक वर्तुळात संताप उसळला. नोव्हेंबर १९५८ मध्ये सिनेमा फ्रान्समध्ये लागला आणि जोरात चालला. संतापाचा आणि गर्दीचा संबंध आपल्याकडच्या वितरकांना समजावून सांगायला नको.

आता अमेरिका, आणि ओहायोच का, हा प्रश्न.

ओहायोला सिनेमाची जुनी कावीळ होती. १९१३ साली या राज्यानं सिनेमे तपासणारं मंडळ नेमलं. एका कंपनीनं त्याला आव्हान दिलं, तेव्हा १९१५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सिनेमा हा निव्वळ धंदा आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्य लागू नाही. हा निकाल सदतीस वर्षं टिकला. १९५२ मध्ये इटालियन दिग्दर्शक रोसेलिनीच्या एका छोट्या सिनेमावरून तो फिरवला गेला आणि मग राज्याराज्यांतली सेन्सॉर मंडळं एकेक करून खिळखिळी होत गेली.

न्यूयॉर्कचं मंडळ चिवट होतं. त्याच्यासमोर १९५६ साली दुसरा एक फ्रेंच सिनेमा आला: डी. एच. लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ कादंबरीवरून मार्क आलेग्रेनं केलेला, दानिएल दारिए हिनं भूमिका केलेला. मंडळानं आधी तीन दृश्यं कापायला सांगितली. वरच्या अधिकाऱ्यांनी मात्र दृश्यांचा मुद्दा बाजूला ठेवून मनातलं बोलून टाकलं. सिनेमाचा विषयच अनैतिक आहे, म्हणाले. काही परिस्थितीत व्यभिचार योग्य ठरतो असं तो सुचवतो. न्यूयॉर्कच्या कायद्यात तसं कलमच होतं. लैंगिक अनीती हे वागणं इष्ट किंवा स्वीकारण्याजोगं दाखवणाऱ्या सिनेमाला परवाना नाही.

२९ जून १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हा आदेश रद्द केला. निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती पॉटर स्ट्यूअर्ट यांनी. व्यभिचार कधीकधी योग्य असू शकतो हाही एक विचार आहे, आणि बहुसंख्यांना न पटणाऱ्या विचारालाच तर राज्यघटनेचं संरक्षण लागतं, असं त्यांचं म्हणणं. स्ट्यूअर्ट हे सिनसिनाटीचे, म्हणजे ओहायोचेच.

या तारखेनंतर साडेचार महिन्यांनी क्लीव्हलंड हाइट्सला धाड पडली. हा क्रम महत्त्वाचा आहे. बाई नवऱ्याला सोडून जाते आणि तिला काही होत नाही, हे फिर्यादीला आता बोलून दाखवता येत नव्हतं. तो विचार झाला होता आणि विचारावर बंदी घालता येत नव्हती. हातात उरलं होतं ते शरीर. म्हणून मग शेवटचं रीळ.

जॅकोबेलिसवर दोन आरोप ठेवले गेले: अश्लील फिल्म जवळ बाळगणं आणि ती दाखवणं. ज्यूरी न घेता तीन न्यायाधीशांसमोर खटला चालला. एका आरोपासाठी ५०० डॉलर दंड, दुसऱ्यासाठी २०००. दंड न भरल्यास कोठडी. ओहायोच्या वरच्या दोन्ही न्यायालयांनी शिक्षा कायम केली. प्रकरण वॉशिंग्टनला पोचलं, १९६३ च्या मार्चमध्ये युक्तिवाद झाले, न्यायमूर्तींचं जमेना, म्हणून १९६४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा झाले. मधल्या काळात काळे झगे घालणाऱ्या त्या प्रौढांना ‘लेझ आमाँ’ बघावा लागला. त्या बैठकीला कुणी चित्रकार हजर असता तर!

२२ जून १९६४ ला निकाल आला. सहा विरुद्ध तीन, जॅकोबेलिस निर्दोष. पण सहाही जणांना एक कारण मान्य होईना. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं की अश्लीलतेचं माप देशभर एकच हवं. एका गावची मोजपट्टी चालणार नाही. हा सिनेमा शंभरेक मोठ्या शहरांत लागून गेला होता, त्यात ओहायोचीच कोलंबस आणि टोलीडो ही शहरं होती. न्यायमूर्ती गोल्डबर्ग यांनी वेगळं टिपण जोडलं. ते दृश्य इतकं तुटक आणि ओझरतं आहे की सेन्सॉरनं सावध केलं नसतं तर प्रेक्षकाला त्यात वावगं काही आहे हे कळलंही नसतं, असा त्याचा आशय. न्यायमूर्ती ब्लॅक यांचं मत तर असं की न्यायालयानं हा उद्योगच करू नये. सरन्यायाधीश वॉरन विरोधात गेले. त्यांना गावाची मोजपट्टीच बरोबर वाटली.

आणि स्ट्यूअर्ट. पाच वर्षांपूर्वी व्यभिचाराच्या विचाराला अभय देणाऱ्या या न्यायमूर्तींनी या वेळी एकच परिच्छेद लिहिला. खरी अश्लीलता कशाला म्हणायचं याची व्याख्या मी करू शकणार नाही, कदाचित कुणालाच नीट जमणार नाही; पण दिसली की मला ओळखू येते, आणि हा सिनेमा ती नव्हे. अमेरिकी न्यायशास्त्रातलं हे वाक्य पुढे वकिलांच्या, संपादकांच्या, विनोदवीरांच्या तोंडी गेलं. त्यावर हसणं सोपं आहे. पण मला तो परिच्छेद प्रामाणिक वाटतो. मोजपट्टी हातात धरल्याचा आव त्यात नाही. सिनेमा बघितला, तसा वाटला नाही, एवढंच ते सांगतात. चांगला समीक्षक तरी याहून वेगळं काय करतो?

निर्दोष ठरला जॅकोबेलिस. झान तूर्निएबद्दल ब्रेनन यांच्या निकालपत्रात जेमतेम एक वाक्य आलं: कंटाळलेली बाई नवऱ्याला आणि कुटुंबाला सोडून एका तरुण पुरातत्त्ववाल्याबरोबर जाते. बाकी चर्चा काही मिनिटांच्या कातडीची.

मालच्या स्वतःच्या देशाचं काय? क्लीव्हलंडच्या अटकेनंतर पाच आठवड्यांनी, १८ डिसेंबर १९५९ रोजी, पॅरिसमध्ये कौन्सेय देता या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठानं नीस शहराच्या महापौरांचा एक आदेश वैध ठरवला. सिनेमा दुसराच होता, १९५४ चा. त्याला राष्ट्रीय पातळीवर परवाना मिळालेला असूनही महापौरांनी गावात बंदी घातली होती. सिनेमा अनैतिक असेल आणि ‘स्थानिक परिस्थिती’ तशी असेल तर महापौर बंदी घालू शकतो, असा निकाल. म्हणजे ज्या देशातून ‘लेझ आमाँ’ आला तिथे गावाची मोजपट्टी जिंकली, आणि जिथे तो पकडला गेला तिथे ती हरली.

माल पुढे आपल्याकडेही येऊन गेला. १९६८ च्या सुरुवातीला तो छोटा कॅमेरा आणि दोन सहकारी घेऊन भारतभर हिंडला. त्यातून कलकत्त्यावरचा माहितीपट आणि ‘फँटम इंडिया’ ही सात भागांची मालिका झाली. तिचा शेवटचा भाग मुंबईचा. भारतातून तो थेट मे महिन्याच्या कानला गेला आणि ज्यूरीचा राजीनामा देऊन महोत्सव बंद पाडणाऱ्यांत सामील झाला. १९७० मध्ये बीबीसीनं मालिका दाखवली तेव्हा भारत सरकार इतकं भडकलं की बीबीसीला दिल्लीतलं कार्यालय गुंडाळावं लागलं. झान मोरोची चौकट जशी ओहायोला खुपली, तशी ही आपल्याला खुपली.

मुंबईची खरी गोष्ट मात्र त्याच्या येण्याआधीची आहे, आणि मालची नाही. १२ डिसेंबर १९५९. जॅकोबेलिसला अटक होऊन महिना झालेला, नीसच्या निकालाला सहा दिवस अवकाश. कुलाब्याच्या एका पुस्तकाच्या स्टॉलवर पोलिसांनी पाठवलेलं बनावट गिऱ्हाईक आलं आणि ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ची न कापलेली प्रत विकत घेऊन गेलं. हीच ती कादंबरी, नवऱ्याला सोडून शिकारखान्याच्या रखवालदाराकडे जाणाऱ्या बाईची. मुंबईत ते वर्ष नानावटी खटल्याचं होतं. नौदलातला अधिकारी, त्याची इंग्रज बायको, तिचा प्रियकर आणि तीन गोळ्या. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचे अंक हातोहात खपत होते. वर्तमानपत्रात व्यभिचार रोज सकाळी चहाबरोबर चालत होता. पुस्तकात तो गुन्हा ठरला.

स्टॉलच्या चौघा भागीदारांवर भारतीय दंडविधानाच्या २९२ कलमाखाली खटला भरला गेला. बचावाच्या बाजूनं कादंबरीकार मुल्कराज आनंद यांनी साक्ष दिली, कादंबरीची वाङ्मयीन थोरवी सांगितली. एस्प्लनेडच्या मॅजिस्ट्रेटनं चौघांना दोषी धरलं. मुंबई उच्च न्यायालयात काही झालं नाही. एक भागीदार रणजित उदेशी सर्वोच्च न्यायालयात गेले. पाच न्यायमूर्तींच्या पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश गजेंद्रगडकर, साताऱ्याचे. निकालपत्र लिहिलं नागपुरात घडलेल्या न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी. तारीख १९ ऑगस्ट १९६४, म्हणजे वॉशिंग्टनच्या निकालानंतर दोन महिने पुरे व्हायला तीन दिवस कमी.

हिदायतुल्ला यांनी वापरलेली कसोटी होती १८६८ सालची, इंग्लंडमधल्या हिकलिन खटल्याची: अशा मजकुराचा परिणाम होऊ शकेल अशांच्या मनाला तो बिघडवतो का? खुद्द इंग्लंडनं १९५९ मध्ये नवा कायदा करून ती सोडली होती, आणि १९६० च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ज्यूरीनं याच पुस्तकाच्या प्रकाशकाला निर्दोष सोडलं होतं. आपल्या न्यायालयानं निकालात म्हटलं की आक्षेपार्ह भाग सुटा वाचला काय नि पुस्तकाच्या संदर्भात वाचला काय, आपल्या समाजाच्या मर्यादेबाहेर जातो, आणि त्याची भरपाई करील असा समाजाचा काही लाभ त्यात नाही. निकालपत्र सुसंस्कृत आहे, वाङ्मयाची जाण असलेल्या माणसानं लिहिलेलं आहे. म्हणूनच ते वाचताना जास्त चुटपुट लागते. स्ट्यूअर्टना व्याख्या जमली नाही म्हणून माणूस सुटला. हिदायतुल्लांकडे व्याख्या तयार होती.

त्या व्याख्येला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये रजा दिली. व्यभिचाराचं ४९७ कलम २०१८ च्या सप्टेंबरमध्ये गेलं. दंडाचे आकडे तेवढे जुन्या कागदांत राहिले. ओहायोत एकूण २५०० डॉलर, मुंबईत माणशी २० रुपये. २५०० डॉलर माफ झाले. २० रुपये कायम राहिले.